दत्तूमामांच्या मापाच्या पट्ट्या

दत्तूमामा माणसाच्या तोंडाकडं नंतर बघायचे, आधी पायांकडं. तुम्ही दुकानाची पायरी चढलात की त्यांची नजर तुमच्या घोट्यावर, तिथून पोटरीवर, तिथून गुडघ्यावर आणि मग सावकाश वर. तोवर तुमचा रामराम घालून झालेला असायचा. माझ्या थोरल्या बहिणीला बघायला पाहुणे आले होते, तेव्हा मामांनी नवऱ्या मुलाला असंच खालून वर न्याहाळलं आणि माझ्या वडिलांच्या कानाशी लागून म्हणाले, "पाय जिमिनीवर सपाट पडतोय. टिकंल." त्या एका वाक्यावर वडिलांचं निम्मं मन ठरलं. मेव्हणे टिकले. आजही टिकून आहेत.

मामा आमच्या गावचे शिंपी. गाव विट्यापासून सात-आठ मैलांवर. चावडीच्या अंगाला पत्र्याची एक खोली, त्यात एक पायमशीन, कपडा कापायचं एक फळकूट, आतल्या कोपऱ्यात माप घ्यायला जुन्या धोतराचा पडदा आणि बाहेर एक लांब बाकडं. त्या बाकड्याचा शिवणकामाशी काही संबंध नव्हता. ते कबड्डीचं बाकडं होतं.

आमच्याकडं कबड्डीचा मोसम दिवाळीनंतर सुरू व्हायचा. निम्मी तरणी पोरं गलाईच्या, म्हणजे सोनं गाळायच्या दुकानांवर, कुणी मद्रासकडं तर कुणी कलकत्त्याला. उरलेल्यातली बरीच पलटणीत. दिवाळीला ती रजेवर यायची, मग विट्याच्या मैदानावर पहिला सामना व्हायचा. पण त्या पहिल्या सामन्याला कोण सात गडी उतरणार, याचा खल बाकड्यावर घटस्थापनेपासून चालू असायचा. अमक्याला रजा मिळाली का, तमक्याचं गलाईच्या भट्टीपुढं बसून पोट सुटलंय म्हणतात ते खरं का, चढाईला कोण, कोपऱ्यावर कोण. माणसं रानातून येताना वैरणीचा भारा खाली टाकून अर्धा तास भांडायची आणि भारा उचलून घरी जायची.

हे सगळं मामांच्याच दारात का, तर चड्ड्या तेच शिवायचे आणि बनियनवर नंबरही तेच लावायचे. नंबर आधी कच्च्या टाक्यानं लागायचा. संघ बदलला की टाका उसवायचा, दुसऱ्या बनियनला घालायचा. सामन्याच्या आदल्या दिवशी सकाळी पक्का टाका पडायचा, आणि पक्का टाका पडला की ब्रह्मदेव आला तरी संघ बदलत नाही, असा गावाचा कायदा होता. "उसवायला मी बसलोय. तुमी भांडा," असं म्हणून मामा सुई दातात धरायचे. स्वतःचं मत कधी द्यायचे नाहीत. पण मशिनीचं चाक मधेच थांबायचं आणि त्यावरून ओळखायचं, की मामा ऐकताहेत.

बाकड्यावर मुख्य दोघे. एक हवालदार नाना, पलटणीतून पेन्शनीवर आलेले. त्यांना सात गड्यांचा संघ म्हणजे मोर्चाच वाटायचा. "फ्रंट कितीबी मजबूत करा, बाजू उघडी पडली की खलास," हे त्यांचं ठरलेलं. दुसरा महादू, ग्रामपंचायतीचा शिपाई. त्याचं स्वतःचं काही मत नसे. नानांच्या विरुद्ध जे असेल ते त्याचं मत. नानांनी आज सोमवार म्हटलं तरी महादू म्हणायचा, "बघू."

मामांना लिहिता-वाचता येत नव्हतं. प्रत्येक गिऱ्हाइकाची कापडाच्या काठाची एक लांब पट्टी त्यांनी केलेली असायची. त्या पट्टीवर कात्रीनं बारीक खाच मारून माप ठेवायचं. खेळाडूंच्या पट्ट्या वेगळ्या खिळ्याला, आणि त्यात आणखी एक तऱ्हा. सगळे शिंपी एका पायाचं माप घेतात, मामा दोन्ही पायांचं घ्यायचे. "दोन पाय म्हंजी दोन भाऊ," ते म्हणायचे. "एका घरात ऱ्हात्यात, पन सारखं नसत्यात." पट्टीच्या डाव्या काठावर डाव्या मांडीची खाच, उजव्या काठावर उजव्या मांडीची. दर वर्षाची नवी खाच, माप तेच आलं तर जुनीला खेटून. मी घरातला पहिला पदवीधर, बी. ए. साताऱ्याहून केलेला, आणि हे मी चारचौघांत सांगितल्याशिवाय राहत नसे. मी मोठ्या तोऱ्यात मामांना म्हणालो होतो की मी सगळी मापं वहीत उतरवून देतो. ते हसले.

"वही कुनालाबी वाचता येती, दिनकर. पट्टी माजी मलाच."

मी हट्टानं शेजारी बसून ती पट्टी वाचायला शिकलो. तेव्हा त्यांनी मला बजावलं, "शिकलास ते बरं केलंस. पन गिऱ्हाइकाचं माप म्हंजी त्याचं उघडं आंग. ते बाजारात न्यायचं नसतंय." कुणाची कंबर वाढली, कुणाचा खांदा उतरला, आजारातून उठलेल्या कुणाच्या अंगावरचं किती मांस गेलं, हे सगळ्या गावाचं त्यांना ठाऊक होतं. त्यातला एक शब्द कधी त्यांच्या तोंडून बाहेर पडलेला मी ऐकला नाही.

मोठा दुष्काळ सरून दोन वर्षं झाली होती, तेव्हाची गोष्ट. मी नोकरीची वाट बघत घरी होतो. कॉलेजच्या संघात मी डावा कोपरा खेळायचो. पण गावच्या संघात डावा कोपरा म्हणजे शंकरअण्णा. अकरा वर्षं तेच कप्तान, बनियनवर चार नंबर. घोटा अण्णांच्या हातात गेला की तो सरकारजमा, असं लोक म्हणायचे. त्या वर्षी बाकड्याचे दोन तट पडले. नाना म्हणाले, कोपऱ्यावर अण्णाच. म्हणून महादू म्हणाला, कोपऱ्यावर दिनकर. मीही काही गप्प बसलो नव्हतो. अण्णांची पकड जुनी झाली, आता खेळ बदललाय, असं मीच चार ठिकाणी बोलून ठेवलं होतं.

दिवाळीच्या आधी अण्णा चड्डीचं माप द्यायला आले. बाकडं भरलेलं होतं. अण्णा पडद्याआड गेले, बराच वेळ आतच राहिले, बाहेर आले ते धोतराचा सोगा सावरत सरळ म्हणाले, "यंदा कोपऱ्यावर दिनकर. मी भाईर." आणि कुणाकडं न बघता घरी गेले.

पडद्याआड काय झालं ते मला चार वर्षांनी कळलं. पण वाचणाऱ्याला ताटकळत ठेवण्यात मला काही गंमत वाटत नाही, म्हणून इथंच सांगून टाकतो. मामांनी डाव्या मांडीला पट्टी लावली, ती गेल्या वर्षीच्या खाचेला बरोबर आली. उजव्या मांडीला लावली, तर दोन बोटं कमी. पुन्हा लावली, पुन्हा तेच. मागच्या मोसमाच्या शेवटच्या सामन्यात अण्णांचा उजवा गुडघा पिळवटला होता. त्यांनी तो घरच्यांपासूनही लपवला होता. चालताना काही कळत नव्हतं, पण तो पाय आतून वाळत चालला होता.  मामांनी पट्टी अण्णांच्या हातात दिली आणि तुझं तूच बघ म्हणाले. अण्णांनी स्वतः लावून बघितली.

"मी काय बघितलं न्हाई," मामा हळू आवाजात म्हणाले. "पाय तुजा, पट्टी तुज्या हातात. भाईर काय सांगायचं ते तू ठरव. काय न सांगता खेळायचं म्हनलास, तर चार नंबर मी पक्का शिवतो."

"दोन बोटांपायी माजी अकरा वर्सं गेली व्हय मामा?"

मामांनी पट्टीवरच्या जुन्या खाचांवरून अण्णांचाच अंगठा फिरवला. "ती कुटं गेली? ही काय हितं हायत."

बाहेर आम्हाला एवढंच दिसलं, की अण्णा कप्तान म्हणून आत गेले आणि नुसते शंकर होऊन बाहेर आले. पाठोपाठ मामा आले आणि त्यांनी चार नंबरचा कच्चा टाका उसवून तो माझ्या बनियनला लावायला घेतला. बाकड्यावर सगळ्यांनी मनातल्या मनात हिशेब जुळवला. मामा आणि माझे वडील लहानपणापासूनचे मैतर. मामांनी आत नेऊन अण्णांना पटवलं, असं ठरलं. खरं सांगायचं तर मलाही आतून तसंच वाटलं, फक्त मी त्याचा अर्थ माझा खेळ त्यांना दिसला असा लावला आणि छाती फुगवून फिरलो.

विट्याचा सामना आम्ही दोन गुणांनी हरलो. शेवटच्या चढाईला समोरच्या गड्याचा घोटा माझ्या हातात पक्का आला होता, आणि सुटला. मी त्याच्या डोळ्यांकडं बघत होतो.

दुसऱ्या दिवशी बाकडं मोकळं. तिसऱ्या दिवशीही. नानांनी बैठक पिठाच्या गिरणीच्या कट्ट्यावर हलवली आणि आपला पायजमा शिवायला विट्याला दिला. महादूही तिकडंच गेला. उभ्या आयुष्यात त्याला नानांचं पहिल्यांदाच पटलं होतं. गिरणीवर म्हणे उघड बोलणं चालायचं, की शिंप्यानं मैत्रीपायी गावाचा संघ बुडवला. एक शब्द बोलले असते तर मामा सुटले असते. अण्णाचा पाय वाळलाय, एवढंच. बोलले नाहीत.

त्यांना त्याचं काही वाटलं नाही असं नाही. दुपारची मशीन चालवताना ते बोलणं ऐकायला म्हणून पाय थांबवायचे, मग बाहेर कुणीच नाही हे ध्यानात यायचं आणि चाक पुन्हा फिरायचं. रोज सकाळी मात्र पाण्याचं फडकं घेऊन ते बाकडं या टोकापासून त्या टोकापर्यंत पुसायचे. दीड महिना पुसलं. मी एकदा विचारलं की अण्णांनी जागा का सोडली, आणि लोक तुम्हाला बोल का लावतात. ते कॉलरला इस्त्री फिरवत होते.

"त्यो माजा धंदा हाय, तू त्यात पडू नगं. तुजा धंदा घोट्याचा. चढाई करनारा तोंडानं फसवतो, हातानं फसवतो, डोळ्यानं तर लय फसवतो. पायाला फसवाय येत न्हाई. तिकडं बघाय शीक."

एका सकाळी बाकडं पुसून व्हायच्या आतच शंकरअण्णा आले आणि ओल्या बाकड्यावर मधोमध बसले. धोतराच्या सोग्यात भुईमुगाच्या शेंगा होत्या. दिवसभर फोडून खात राहिले.  दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी नाना त्यांना शोधत आले, कारण अण्णांशिवाय गिरणीवरच्या बैठकीला चव नव्हती. नानांनी उभ्याउभ्याच विचारलं, की ह्या माणसाच्या दारात कशाला बसलायस.

"माजं मन भरलं म्हनून मी भाईर ऱ्हायलो. मामाचा काय संबंध न्हाई," अण्णा म्हणाले आणि सरकून जागा केली. "बसा. शेंगा खा."

नानांना ते पटलं नव्हतं, पण शेंगा चांगल्या होत्या. ते बसले. संध्याकाळी महादू आला आणि म्हणाला, की गिरणीवर पीठ लय उडतंय. आतलं मशिनीचं चाक थांबलं. त्या दिवशी दिवेलागणीपर्यंत मामांच्या हातून एका कुडत्याची एक बाहीसुद्धा पुरी झाली नाही.

त्यानंतर अण्णा मला रोज पहाटे तालमीमागच्या पटांगणात न्यायचे. स्वतः बाहेर उभे राहून ओरडायचे, "पाय बघ रं, पाय." मोसमाच्या शेवटी मेढ्याला आम्ही जिंकलो. मी तीन पकडी केल्या. घरी आलो तर मामांनी मिरवणुकीतही आधी माझ्या पायांकडंच बघितलं आणि म्हणाले, "आता पडाय लागला सपाट."

पुढं मला साताऱ्याला सरकारी कचेरीत नोकरी लागली. बिऱ्हाड तिकडंच केलं, तरी दिवाळीला मी बाकड्यावर हजर असायचो. चार वर्षांनी, घटस्थापनेच्या थोडं आधी मामा गेले. शेवटपर्यंत मशिनीवर होते. दोन दिवस ताप आला आणि संपलं. त्यांचा मुलगा पलटणीतून आला. तेराव्यानंतर त्यानं खिळ्यावरच्या पट्ट्या काढल्या आणि ज्याची त्याला देऊन टाकल्या. कुठली कुणाची हे त्याला सांगायला मीच होतो शेजारी.

अण्णा आणि मी बाकड्यावर बसलो होतो, तेव्हा त्यांनी मला पडद्याआडची ती गोष्ट पहिल्यांदा सांगितली. दोन बोटं, गुडघा, सगळं.  चार वर्षं मी साताऱ्याच्या कचेरीत सांगत होतो, की अकरा वर्षांच्या कप्तानाला मी खेळाच्या जोरावर बाहेर बसवलं. अण्णांना ते ठाऊक असावं. हसून म्हणाले, "चालतंय रं. तू पुढं खेळलासच की."

मग ते म्हणाले की तुला वाचता येते ना ही, वाच. त्या वर्षाची ती खाच दाखव मला. त्यांनी आपली पट्टी माझ्या मांडीवर पसरली. मी डावा काठ मोजला. बारा खाचा. उजवा मोजला. अकरा. पुन्हा मोजला. अकरा वर्षांच्या अकरा आणि त्यापुढं काठ कोरा, कात्री न लागलेला. खिळ्यावरची पट्टी कुणीही हातात घेईल, आणि शेजारी बसून वाचायला शिकलेला एक बी. ए. तर गावात होताच.

अण्णांनी त्या कोऱ्या काठावरून अंगठा फिरवला.

"पट्टीलाबी सांगिटलं न्हाई गड्या त्यानं."

एवढ्यात नाना काठी टेकत आले. मागं महादू होता. यंदा पलटणीतला कोण कोण रजेवर येतोय, हा विषय दोघांनी रस्त्यातच काढलेला होता. बसता बसता नानांनी विचारलं की दोघं मिळून काय बघताय एवढं.

अण्णांनी पट्टीची गुंडाळी करून ती बंडीच्या खिशात ठेवली आणि सरकून जागा केली.

"काय न्हाई नाना. जुनं माप हाय."