गुन्हा नाही, गाठोडं गेलं

आमच्या घरात माझ्या आत्याला 'खोदकाम खातं' म्हणतात. ती कुणाला नुसतं "बरी आहेस ना?" असं विचारून सोडत नाही. "काल डोकं दुखत होतं ते थांबलं का? कुठल्या बाजूचं? गोळी उपाशीपोटी घेतलीस की काय?" आतोबा पाहुण्यांना सांगतात, "लोक मुलगी बघायला जातात. मी गेलो आणि माझीच जबानी झाली."

या स्वभावाने घर वैतागलं खरं, पण आत्याचं पोटही त्यावरच चाललं. माझ्या जन्माच्या आधीपासून ती दारोदार जाऊन प्रश्न विचारते. सुरुवातीला साबण कुठला वापरता, मग बस वेळेवर येते का, मग नळाला पाणी किती वेळ. पाऊणशे पायऱ्या चढून दार तोंडावर आपटून घ्यायचं आणि पुढच्या दारावर तितक्याच हसऱ्या चेहऱ्याने टकटक करायचं, हे तिला जमतं. मला जमलं नसतं.

दोन वर्षांपूर्वी तिला नवं काम मिळालं. घरोघरी विचारायचं, गेल्या वर्षात तुमच्या बाबतीत गुन्हा घडला का? मी संख्याशास्त्र शिकले आहे, त्यामुळे मोठ्या उत्साहाने समजवायला बसले. पोलिसांकडचा आकडा हा तक्रारींचा असतो. ज्यांनी तक्रारच केली नाही त्यांचं नुकसान कुठल्याच आकड्यात येत नाही. ते शोधायचं तर थेट घरी जाऊन विचारावं लागतं.

"आणि तक्रार का केली नाही, ते विचारायचं नाही?" आत्या म्हणाली.

"त्याला रकाना नाही, आत्या."

"बरं. मग ते मी माझ्यासाठी विचारीन."

दोन महिन्यांनी पाहणीच्या कार्यालयातून बोलावणं आलं. इतर भागांत शंभर घरांमागे चार-पाच घरं 'हो' म्हणत होती. आत्याच्या भागात, म्हणजे आमच्याच वस्तीत, चाळीस. तिची पर्यवेक्षक माझ्याहून थोडीच मोठी, कामाला चोख बाई. तिने आडपडदा ठेवला नाही. "आत्याबाई, एक तर तुम्ही घरी बसून उत्तरं भरलीत, नाहीतर लोकांच्या तोंडात उत्तरं घातलीत. मी स्वतः फेरतपासणी करणार. जुळलं नाही तर तुमच्या भागाची सगळी उत्तरं रद्द, आणि यादीतून तुमचं नावही."

घरी आल्यावर आत्या चपला न काढताच खुर्चीत बसली. आतोबा म्हणाले, "काम गेलं तर गेलं. तुझे गुडघे तरी सुटतील."

"कामाचं नाही हो. बायकांनी दाराची कडी लावून, आवाज बारीक करून मला सांगितलंय. ते सगळं मी घरी बसून रचलं म्हणायचं?"

फेरतपासणीला मी आत्याबरोबर गेले. पर्यवेक्षकबाईंनी बजावलं, "तुम्ही दोघींनी यायचं, पण तोंड उघडायचं नाही."

पहिलं दार लॉन्ड्रीवालीचं. पुढे दुकान, मागे घर. ओल्या वाफेचा आणि गरम कापडाचा वास. लॉन्ड्रीवालीने स्टुलावरच्या चादरी उचलून आम्हाला बसायला दिलं. पर्यवेक्षकबाईंनी टॅबलेटवरचा प्रश्न अक्षरन् अक्षर वाचला. "गेल्या वर्षभरात आपण किंवा आपल्या कुटुंबातील व्यक्ती एखाद्या गुन्ह्याला बळी पडलात का?"

लॉन्ड्रीवालीने हातातली इस्त्री उभी केली. "गुन्हा? अहो बाई, आमच्या घरात कुणाचं नाव कधी पोलिसात गेलेलं नाही!"

"म्हणजे नाही?"

"नाहीच मुळी."

बाईंनी 'नाही'वर बोट ठेवलं. आत्याने इथे तीन घटना लिहिल्या होत्या. मी आत्याकडे पाहिलं. ती समोरच्या हँगरांकडे बघत होती. गप्प बसणं हा तिच्यासाठी जन्मठेपेहून मोठा प्रकार.

पण बाई लगेच उठल्या नाहीत. त्यांची नजर मागच्या दारावर होती. दार जुनं, रंग उडालेला, आणि त्यावर कोरी करकरीत कडी. "ही कडी नवी दिसते?"

"मग! जुनी उचकटली ना. गिऱ्हाइकाच्या चादरींचं गाठोडं गेलं तेव्हा."

"अहो, मग मघाशी नाही कसं म्हणालात?"

"तुम्ही गुन्ह्याचं विचारलंत. गुन्हा आम्ही दाखल कुठे केला? दाखल नाही तर गुन्हा कसला? नुसतं गाठोडं गेलं."

बाईंनी टॅबलेट मांडीवर पालथा ठेवला. "आत्याबाई, तुम्ही यांना काय विचारलं होतं?"

"बोलू?"

"बोला."

"वर्षभरात घरातलं काही गेलं का, कुणी काही मोडलं का, कुणी हात उगारला का, असं विचारलं."

"म्हणजे नियम मोडलात."

"मोडला. प्रश्न जसाच्या तसा वाचला की लोकांना वाटतं, आपल्यावरच आळ आलाय."

बाईंनी पुढची घटना विचारली, तशी लॉन्ड्रीवालीची मान खाली गेली. घरातली गॅसची टाकी धाकट्या दिराने नेली होती. कारखाना बंद पडला, चार ठिकाणी उभा राहिला, कुणी घेतलं नाही. एक दिवस टाकी उचलून विकून आला. "त्याला चोर लिहू नका हं. घरात चोरी नसते, घरात उचललं जातं. पोरांना दूध आणलं त्याने त्या पैशांचं."

"चोर लिहीत नाही," आत्या म्हणाली. "टाकी गेली, एवढंच लिहिलंय. आणि का गेली, ते मला माहीत आहे."

"तिसरी घटना, छत्री," बाई म्हणाल्या.

"ती होय! ती मी बसमध्ये विसरले."

आत्याने जीभ चावली. बाईंना हसू आवरेना. "आत्याबाई, तुमच्या जाळ्यात मासे आले, तसा पालापाचोळाही आला."

"आला खरा. छत्री खोडा."

पुढचे आठ-दहा दिवस दोघी दारोदार एकत्र फिरल्या. आत्याने नवा प्रश्न विचारायचा आणि बाईंनी चाळणी लावायची. विसरलेलं बाजूला, वर्षापूर्वीचं बाजूला. आत्या स्वतःच्या हाताने नोंदी खोडत होती आणि प्रत्येक वेळी खोडताना तोंड कडू करत होती. शेवटी शंभरामागे चाळिसांची अठ्ठावीस घरं उरली. ती मात्र कुणाच्या बापाला हलवता आली नसती. दर चारांपैकी तीन घटना पोलिसांपर्यंत पोचलेल्याच नव्हत्या. का, तेही आता समोर होतं. चोर ओळखीचा होता, किंवा दिवसाची मजुरी बुडवून चौकीत बसणं परवडत नव्हतं.

कार्यालयाचं पत्र आलं. परवानगीशिवाय प्रश्न बदलल्याबद्दल आत्याला लेखी ताकीद. आणि पुढच्या वर्षीपासून सगळ्या भागांत विचारायचे नवे प्रश्न, त्यात पहिलाच, 'वर्षभरात घरातलं काही चोरीला गेलं का, कुणी उचलून नेलं का?' खाली पुढच्या वर्षी काम करणाऱ्यांच्या यादीत आत्याचं नावही होतं. आतोबांनी ताकीद मोठ्याने दोनदा वाचून दाखवली. मी त्या पत्राचा फोटो काढून आमच्या प्राध्यापकांना पाठवला. आत्याचा तो प्रश्न म्हणजे आमच्या घरातून छापून आलेलं पहिलं वाक्य होतं.

यंदाच्या पाहणीचा अहवाल आला त्या दिवशी शेजारचे घड्याळवाले तावातावाने आले. "वहिनी, काय केलंत हे! आपला भाग गुन्ह्यात पहिला? कालपर्यंत आपण सज्जनांच्या वस्तीत राहत होतो!"

"भाऊजी, चोर कालही होतेच. कालपर्यंत आकड्यात फक्त तक्रारवाले होते, आता बाकीचेही आलेत. इतर भागांत यंदा जुनाच प्रश्न होता, पुढच्या वर्षी त्यांचाही आकडा बघा. ताप मोजला म्हणून कुणी थर्मामीटरवर खापर फोडतं का?"

घड्याळवाल्यांनी आकडा पुन्हा एकदा नीट वाचला. मग आवाज खाली आणून म्हणाले, "आमच्या गच्चीवरचा पितळी नळ नेला होता कुणीतरी. तो धरलाय ना यात?"

"तुम्ही दार उघडलं नव्हतंत. आतूनच ओरडलात, साबण नको म्हणून."

"मग आता?"

आत्याने खुर्ची पुढे ओढली. "बसा. कधी गेला? कुठल्या वेळी? आणि तक्रार का नाही केलीत?"