पोरगी पोचेपर्यंत झाडू बंद

किस्से मुद्दाम गोळा करावे लागत नाहीत. गाडीत शेंगा खाल्ल्या की टरफलं जशी सीटखाली जमतात, तसे तेही जमतात. एक दिवस पायाखाली कुरकुर वाजायला लागते आणि मग कळतं, अरे, बरेच झाले की! आमच्या गाडीत तर दोन्ही जमतात.

नगरला, सावेडीत, परदेशी शिकायला निघालेल्या पोरांना वाटेला लावायचं आमचं ऑफिस आहे. माणसं तीनच. मॅडम मालकीण; त्या स्वतः बाहेर शिकून आल्यात, त्यामुळे त्यांना सगळं खरं माहीत असतं. रज्जाकभाई ड्रायव्हर, ते पोरांना मुंबईच्या विमानतळावर सोडतात. आणि मी. बॅगेत काय भरायचं, तिकडे उतरल्यावर काय करायचं, याचं लेक्चर माझ्याकडे. मी स्वतः विमान जवळून बघितलंय ते शिर्डीच्या विमानतळाच्या कंपाउंडबाहेरून. पण हे पोरांना सांगायचं नसतं!

*

राहात्याचे भाऊसाहेब, पेरूचे व्यापारी. पोरगा निघाला कॅनडाला. मी बजावलं होतं, "एका बॅगेत तेवीस किलो. घरीच वजन करून या."

भाऊसाहेबांनी मार्केटातल्या काट्यावर, हमाल लावून, दोनदा वजन केलं. विमानतळावर आत जायचा पास काढून पोराबरोबर काउंटरला बॅग ठेवली. सत्तावीस!

"सर, चार किलो जास्त आहे," काउंटरवरची मुलगी म्हणाली.

"जास्त न्हाई. बारदान वजा करा की!"

"काय वजा करू?"

"बारदान. रिकामं पोतं. तुमी मालाचं वजन करता का पोत्याचं? ही बॅग रिकामीच चार किलो हाय. आत माल बरोब्बर तेवीस!"

मुलीनं तिच्या साहेबांना बोलावलं. साहेबांच्या घरी कधीतरी कांदा पिकत असावा. त्यांनी बॅगेकडे बघितलं, भाऊसाहेबांकडे बघितलं आणि हात जोडले. "काका, हिशेब तुमचा बरोबर आहे. पण विमानाला बारदान कळत नाही."

शेवटी बॅगेतले तीन स्वेटर आणि दोन जीन्स पोराच्या अंगावर चढल्या. पोरगा फुगलेल्या पोत्यासारखा डुलत आत चालला. भाऊसाहेब काचेपलीकडून ओरडले, "बाळ्या, आता अंगावरचं बारदान कुनाला मोजू देऊ नको!"

*

स्वाती जामखेडकडची. आयर्लंडला निघाली होती. वडील नाहीत. आई शकूताई, रस्त्याच्या कडेला पिठाची गिरणी चालवतात. पुढच्या खोलीत गिरणी, मागच्या खोलीत घर. गिरणीच्या त्या एका पट्ट्यावर बाईनं पोरीला इंजिनिअर केलं.

निघायच्या दिवशी मी ऑफिसात बॅग तपासायला उघडली. सगळ्यात वर केरसुणी!

"ताई, हे काय?"

"लक्षुमी हाय ती. नव्या घरात आधी लक्षुमी जायला पायजे."

"ताई, झाडपाल्याचं काही तिकडे आत नेऊ देत नाहीत. पोरीला दारातच अडवतील."

शकूताईंनी थोडा विचार केला. "ऱ्हाऊ द्या मग तुमच्यापाशी. तसाबी आता झाडू लागनार न्हाई."

माणूस गावाला गेला की लगेच घर झाडू नये, हे आपल्याकडे सगळेच पाळतात. शकूताईंचा नियम जरा कडक. माणूस पोचल्याचं कळेपर्यंत झाडू बंद! स्वाती नगरला कॉलेजात होती तेव्हा जामखेडची एसटी नगरच्या स्टँडवर लागेपर्यंत झाडू भिंतीला टेकलेला असायचा.

"किती टाइम लागतो सर, आयर्लंडला?"

"दुबईला विमान बदलायचंय. एक दिवस धरा."

"एक दिवस चालतंय की," शकूताई म्हणाल्या.

गौरी-गणपती नुकतेच उठले होते. केरसुणी रज्जाकभाईंनी गाडीच्या सीटखाली सरकवली, टरफलांच्या शेजारी.

*

पारनेरकडचा एक पोरगा जर्मनीला निघाला. त्याला सोडायला तीन गाड्या भरून गाव आलं. सरपंच, चुलते, मावश्या, शाळेतले मास्तर, आणि एक गृहस्थ असे की ते कुणाचे कोण हे आजवर कळलेलं नाही.

आळेफाट्याला मिसळ झाली. घाटात फोटो झाले. कल्याणच्या अलीकडे चहा झाला. विमानतळावर तिन्ही गाड्या रिकाम्या झाल्या, हार बाहेर निघाला, नारळ बाहेर निघाला. पोरगा निघेना!

पहिल्या गाडीला वाटलं तो दुसरीत आहे. दुसरीला वाटलं तिसरीत. तिसरीला वाटलं, तो कसला आपल्यात बसतोय, आता जर्मनीला चाललाय म्हटल्यावर.

पोरगा आळेफाट्याला हात धुवायला गेला होता, तिथंच राहिला होता. फोन आईच्या पर्समध्ये. पण पासपोर्ट गळ्यात! कारण माझं लेक्चर: "पासपोर्ट गळ्यात, आंघोळीलाही काढायचा नाही." आईनं तिथंच बसकण मारली. सरपंच कुणालातरी फोन लावायला लागले.

तेवढ्यात गेटकडून आवाज आला, "कुठं हुता एवढा वेळ?"

पोरगा उभा! संगमनेरकडून मुंबईला निघालेल्या दुधाच्या टँकरमध्ये बसून आला होता. टँकरवाला ना मिसळीला थांबला, ना फोटोला. पोरगा आमच्या आधी तासभर येऊन गेटवर ताटकळला होता. एवढंच की अंगाला जरासा दुधाचा वास येत होता.

*

नगरच्याच एका ख्रिस्ती कुटुंबातला मुलगा इंग्लंडला निघाला. पास्टरकाका आशीर्वादाला आले. गाडीच्या बोनेटवर हात ठेवून प्रार्थना सुरू झाली. आधी मुलासाठी, मग आईवडिलांसाठी, मग पायलटसाठी, विमानाच्या पंखांसाठी, इंजिनासाठी, लंडनच्या धुक्यासाठी. काका इंग्लंडच्या राजघराण्यापर्यंत आले तेव्हा रज्जाकभाईंनी घड्याळात बघितलं, मोठ्यांदा "आमेन!" म्हटलं आणि गिअर टाकला.

पास्टरकाका मागून ओरडले, "रज्जाक, हायवेची प्रार्थना राहिली!"

"ती माझ्याकडे द्या!" रज्जाकभाई म्हणाले.

*

आता स्वातीचं.

मी लेक्चरमध्ये घसा फोडून सांगतो, खोली डोळ्यांनी बघितल्याशिवाय ॲडव्हान्स देऊ नका. सगळे मान हलवतात. स्वातीनंही हलवली होती, आणि फोटो बघून ॲडव्हान्स भरून टाकला होता. टॅक्सी पत्त्यावर थांबली. तिथं खोलीचं नाव ना गाव. दाढी-कटिंगचं दुकान!

दुकानदार म्हातारा, तुर्की. बॅग बघूनच त्याच्या लक्षात आलं. म्हणाला, "या पत्त्यावर खोली शोधत आलेली तू पहिली नाहीस." त्यानं तिला खुर्चीवर बसवलं, चहा पाजला. पण ज्या खुर्चीवर ती बसली, ती दाढीची होती. मागे कलल्यावर परत वर यायला दोन माणसं लागली.

तिथून ती ओळखीच्या ओळखीनं कुणाच्यातरी हॉलमध्ये, सोफ्यावर. आईला फोन केला, "पोचले. खोली मस्त आहे."

शकूताईंनी झाडू हातात घेतला. पण आधी म्हणाल्या, व्हिडिओ लाव. बघितलं. झाडू परत भिंतीला टेकवला आणि मला फोन केला.

"सर, पोचली का न्हाई ती?"

"पोचली की ताई! मी मोबाईलवर विमान उतरताना बघितलं!"

"इमान पोचलं आसंल. पोरगी न्हाई पोचली. तिच्या मागं बॅग उभी हाय, कुलपासकट. मानूस घरी पोचला की आधी बॅग उघडतो."

मग रोज तेच. स्वातीच्या मागची भिंत बदलायची, कधी निळी, कधी पांढरी, बॅग उभीच. स्वाती रोज विचारायची, "आई, घर झाडलंस ना?" शकूताई रोज सांगायच्या, "झाडलं की, लख्ख!" दोघी एकमेकींना थापा मारायच्या आणि दोघी मला खरं सांगायच्या. थापांच्या धंद्यातला मी जुना माणूस, पण यात मीही दमलो.

एके दिवशी स्वाती म्हणाली, "सर, आईला सांगू नका. कुणाच्या ना कुणाच्या सोफ्यावर किती दिवस काढू? मी परत येते. तिकीट बघाल का?"

मी मॅडमना सांगितलं. मला वाटलं, मॅडम तिकिटाची लिंक पाठवतील. मॅडमनी लॅपटॉप मिटला. म्हणाल्या, "मी गेले होते तेव्हा माझीही बॅग बरेच दिवस उभीच होती." मग म्हणाल्या, "तिला सांगा, नवरात्रापर्यंत शोध. तोवर नाही मिळाली तर तिकीट मी स्वतः काढते."

मी तसं सांगितलं. त्यावर तिचं नुसतं "हो सर."

*

मधे एक ऑस्ट्रेलियाचा सांगतो, नाहीतर तुम्ही म्हणाल हा माणूस आज असा काय बोलतोय.

तिकडे खाण्याचं काही नेलं तर उतरल्यावर खरं सांगावं लागतं. श्रीगोंद्याच्या एका पोरानं सगळं खरं सांगितलं. अधिकाऱ्यानं डबा उघडला. कुरडया! त्यानं एक उचलली, टेबलावर आपटली. टक्‌ टक्‌.

"हे खातात?"

"तळून," पोरगा म्हणाला.

अधिकाऱ्याचा विश्वास बसेना. शेवटी त्यांच्या कँटीनमध्ये कढई ठेवली. कुरडई तेलात पडली आणि फुलली! अशी फुलली की दोन अधिकारी मागे सरले आणि एकानं कंबरेचा वॉकीटॉकी काढला.

मॅडम म्हणतात, हे साफ खोटं आहे. मी म्हणतो, कुरडई फुलते हे तरी खरं की नाही?

*

घटस्थापनेच्या आदल्या दिवशी मी आणि रज्जाकभाई जामखेडच्या वाटेला होतो, दुसऱ्या एका पोराच्या घरी. स्वातीनं सकाळीच मेसेज टाकला होता, "सर, आईकडे जाल का? मी फोन करणार आहे. तुम्ही तिथं असलात तर बरं." मी काय ते समजलो. परत येते म्हणून सांगायचं असणार, आणि आई कोसळली तर धरायला माणूस पाहिजे.

गिरणीपाशी उतरलो. आत पाऊल टाकलं तर बूट दिसेना! गिरणीचं पीठ उडून उडून मागच्या खोलीपर्यंत जमिनीवर गादी झाली होती. चालायची एक पायवाट तेवढी पडली होती. कपाट, पाट, देव्हाऱ्याची पायरी, सगळं पांढरं. दळणाच्या डब्यांपुरती जागा शकूताई फडक्यानं पुसून घ्यायच्या. जमिनीला झाडू नाही.

दळणाला आलेल्या एका बाईनं माझ्याकडे बघून तोंड सोडलं. "आख्ख्या गावानं घरं धुतली सर, उद्या घट बसायचेत. ह्या बाईच्या घरात गहू पेरला तर उगवंल!"

"पेर की," शकूताई डब्यात पीठ भरत म्हणाल्या. "पानी तूच घाल रोज."

"आन्‌ घट कुठं बसवनार, माझ्या डोक्यावर?"

"न्हाई बसवायचे यंदा. देवीला काय डोळं न्हाईत? तिलाबी दिसतंय पोरगी वाटंत हाय ते."

रज्जाकभाईंनी सीटखालची केरसुणी काढून आणली होती. टरफलं झटकून पुढे केली. शकूताईंनी तिला हात लावून तो कपाळाला लावला, म्हणाल्या, "ठिवा कोपऱ्यात."

फोन वाजला. शकूताईंनी पट्टा बंद केला. गिरणी गप्प झाली आणि इतकी शांतता झाली की दळणवाली बाईही गप्प बसली. मी शकूताईंच्या जरा मागे, हात तयार ठेवून उभा राहिलो.

स्क्रीनवर स्वाती. तिकडे नुकतं उजाडलं होतं. डोक्यावर उतरतं छप्पर, मागे छोटी खिडकी.

"आई, दिसतंय का?"

"बॅग कुठंय?"

स्वातीनं मोबाईल फिरवला. कपाटात कपडे टांगलेले. कपाटावर बॅग, पालथी, रिकामी. बॅगेवर शकूताईंनी दिलेला लोणच्याचा डबा.

"कुठं हायस गं तू?"

"त्या दाढीवाल्या आजोबांच्या दुकानावर. वरची खोली त्यांच्या बहिणीची, ती आता गावाला गेली राहायला. पत्ता तोच आहे आई! फक्त एक जिना चढायचा राहिला होता."

शकूताईंनी फोन माझ्या हातात दिला, पदर खोचला आणि कोपऱ्यातली केरसुणी उचलली.

रज्जाकभाई शहाणे. म्हणाले, "सर, बाहेर चला."

आम्ही बाहेर आलो, मागून दळणवाली बाई पळत आली, आणि मग दारातून, खिडकीतून, कौलांच्या फटीतून पीठ निघायला लागलं. आधी एक झोत, मग लोट, मग नुसता पांढरा ढग. रस्ता दिसेना, पलीकडचं चहाचं दुकान दिसेना. माझ्या हातातल्या फोनमधून स्वाती ओरडत होती, "सर, काय झालं? काही दिसत नाही!"

नगरहून आलेली एसटी हेडलाइट लावून थांबली. भर दुपारी! मॅडमना हेही खोटं वाटतं. रज्जाकभाईंना विचारा.

ड्रायव्हरनं खिडकीतून डोकं बाहेर काढलं. "ओ मावशी! काय झालं, आग लागली का काय?"

ढगातून आवाज आला, "पोरगी पोचली!"