गेटवर येणारं ऑफिस

घरी बसून काम करणाऱ्या माणसाला घरी बसू न देणारा साहेब अख्ख्या भंडारा जिल्ह्यात एकच होता, आणि तो नेमका माझ्या वाट्याला आला. कंपनी पुण्याची, काम कूलर-फ्रिजच्या लेखी तक्रारींना उत्तरं देण्याचं. आम्ही आठ जण आपापल्या गावी, साहेब सानगडीला. मी पवनीत बसून ही नोकरी धरली ती एवढ्यासाठीच, की कोणाचं तोंड पाहावं लागू नये. पण लागोपाठ दोन मीटिंगांमध्ये गप्प राहिलं की तिसऱ्या दिवशी मोटरसायकल दारात! नवरा अंगणातून ओरडायचा, "अवं, तुझं ऑफिस आलं पाय गेटवर!" साहेबांचं हेल्मेट काखेत, हातात वांग्यांची पिशवी आणि चेहऱ्यावर काळजी. "बाई, बोलत काहून नाही? तब्येत बरी हाये ना?" बरी असलेली तब्येत तिथेच बिघडायची. ओट्यावर खरकटी भांडी, दोरीवर कपडे, आणि हा माणूस खुर्ची ओढून विचारणार, "चहात अद्रक टाकता ना?"

दुपारी एकला सगळ्यांनी कॅमेरे लावून ताटं दाखवायची, हा त्यांचाच कायदा. मीटिंगला कॅमेरा बंद चालेल, जेवताना चालणार नाही! इकडे तक्रारींचा ढीग पडलेला आणि मी कढी दाखवत बसायची. एकदा टाइप करता करता जेवले, तर सगळ्यांसमोर म्हणाले, "बाई, कीबोर्डले वरण चारून राहिल्या का?" शुक्रवारी रंगीत टोप्या घालून खेळ खेळा, असा पुण्याचा हुकूम आला, तो त्यांनी आमच्यापर्यंत पोचूच दिला नाही. उलट धानाची रोवणी आली की शेतीवाल्यांना सकाळी सुट्टी, काम संध्याकाळी. कारणाच्या रकान्यात एकच शब्द, 'रोवणा'. पुण्याला तो सण वाटला. शुभेच्छा आल्या.

मग पुण्याहून एक फॉर्म आला. सहकाऱ्यांविषयी मोकळेपणाने लिहा, नाव गुप्त राहील. त्याच सकाळी साहेब न सांगता येऊन गेले होते आणि माझं डोकं तापलेलं होतं. मी लिहिलं, 'टीम लीडर न विचारता घरी येतात.' हात सुटलाच होता, म्हणून खाली आसगावच्या कल्पनाबद्दलही लिहिलं, 'मीटिंगमध्ये चकार शब्द नाही. फक्त जेवताना हसते.' आठवड्याने कळलं, सहभाग नाही म्हणून कल्पनाला महिनाअखेर काढणार. तिच्या घरात पगार तेवढा एकच.

साहेब आसगावला गेले आणि तिथून थेट माझ्याकडे आले. या खेपेला बसले नाहीत.

"बाई, तिले कमी ऐकू येते. कम्प्युटरमधलं बोलणं तं कायीच समजत नाही. तोंड पाहून समजते तिले."

"मग सांगायचं ना तिनं!" मी भडकले.

"सांगतलं तं काढतील, असं वाटलं तिले." मग म्हणाले, "मीटिंगमंदी तुमचा कॅमेरा काहून बंद असते, बाई?"

त्यांना चहा विचारायचंही राहून गेलं. ती फक्त जेवतानाच का हसते, हे तेव्हा कुठे माझ्या डोक्यात शिरलं.

साहेब पुण्याशी भांडले. सगळ्यांचे कॅमेरे चालू, बोललेलं लगेच टाइपही करायचं, आणि कल्पना राहिली. पण 'तिच्या घरी गेलो म्हणून कळलं' हे त्यांनीच पत्रात लिहिलं होतं, आणि माझी ओळ तिथे आधीच पोचलेली होती. कर्मचाऱ्यांच्या घरी जायचं नाही हा कंपनीचा नियम, तो मोडला म्हणून त्यांची टीम काढून घेतली. त्यांनी नोकरीच सोडली. मी पुण्याला दोनदा लिहिलं, ओळ परत घेते. गुप्त फॉर्म परत घेता येत नाही, असं अत्यंत नम्र उत्तर आलं. त्या नम्रतेचा मला अजून संताप येतो, आणि मी टापटीप टाइप केलेल्या त्या दोन ओळींचा जास्त.

आता दर सोमवारी नवे साहेब, आज कसं वाटतंय ते कळवायला, रडक्यापासून हसऱ्यापर्यंत पाच चेहऱ्यांची चित्रं पाठवतात, त्यातला आपला निवडायचा. मी हसरा दाबते आणि कामाला लागते. दुपारी एकला मात्र मी आणि कल्पना कॅमेरा लावून जेवतो. तोंडात घास नसतानाच बोलते मी, सावकाश.

परवा गेटवर मोटरसायकल थांबली. मी उठले, चहाचं आधण ठेवलं, अद्रक किसलं. नवरा अंगणातून म्हणाला, "कुरिअरवाला हाये."

आधण तोवर उकळायला लागलं होतं.