एक लाख बेचाळीस हजार आठशे सत्तावन्न

सातवीनंतर माझी शाळा सुटली. पुढचं सगळं लेकीच्या अभ्यासाला बसून शिकले. एकदा तिला एकाला सातानं भागायचं गणित होतं. ती कंटाळून झोपली आणि मी आपली भागतच राहिले, कारण भागाकार काही संपेना. एक, चार, दोन, आठ, पाच, सात. की परत एक, चार, दोन. तेवढाच आकडा उचलून दोनानं गुणला, तर दोन लाख पंच्याऐंशी हजार सातशे चौदा. बघा ना, तेच सहा जण, नुसते सरकून बसलेले. तीन, चार, पाच, अगदी सहानं गुणा, तेच फिरतात. सातानं गुणलं की मात्र सगळे नऊ.

मला त्याचं अप्रूप एवढ्यासाठी की चुकलं तर तोच सांगतो. सहापर्यंत गुणताना तीन, सहा, नऊ नाहीतर शून्य दिसलं की समजायचं, गडबड झाली. एकट्या बाईला घरात असं सांगणारं कोण असतं?

दिवाळीच्या आधी माझं दूध करपलं. मी खिडकीत बसलेली, समोर मिठागरं, डोक्यात काही नाही. शेजारची गुजराती बाई दार बडवायला लागली, "मासी, कुछ जल रहा है," तेव्हा कळलं. लेक मीरा रोडला असते. ती आली, पातेलं घासता घासता म्हणाली, आता माझ्याकडे चल. मी म्हटलं, त्यापेक्षा माझी रोज परीक्षा घे. मग ठरलं: सकाळी पाणी आलं की पिंप भरेपर्यंत मी ओट्यावर ओल्या बोटानं हे गुणाकार करायचे आणि तिला फोनवर सांगायचं. जमतंय तोवर शेगडी माझी.

जमत होतं. पण खरं सांगू, दमायला व्हायचं. उठा, पाणी भरा, आज डोकं जागेवर आहे का ते बघा. शाळेतसुद्धा रोज परीक्षा नसते हो.

परवा तिनानं गुणताना हातचे दोन मिळवायचे राहिले आणि आठाच्या जागी सहा आला. त्या ओल्या सहाकडे बघत उभी राहिले. पिंप भरून वाहायला लागलं. पुन्हा गुणलं, बरोबर आलं. तोवर पहिला सहा वाळूनही गेला होता. कोणी पाहिला नव्हता.

लेकीचा फोन आला. "काय आलं, आई?"

"सहा आला गं."

"पुन्हा केलंस?"

"केलं. बरोबर आलं."

"मग तेच धरू ना."

"गॅस कुठे पुन्हा करू देतो, बाळा?"

ती म्हणाली, मी निघतेच. चहा झाला का, तेही विचारलं.

"तू आल्यावर ठेव," मी म्हटलं.

गॅसचं बटण खालून बंद केलं, नळ बंद केला आणि स्टूल ओढून बसले. बरोबर काय काय न्यायचं ते काढून ठेवायला हवं होतं, पण उठवेना.