गेरूची खूण

२०१४ ते २०१९ या काळात मी डहाणू आणि तलासरी तालुक्यांतल्या पाड्यांवर आरोग्य सेवक म्हणून फिरत होतो. घरोघरचे पिंप, माठ, टाकलेले टायर बघायचे, अळ्या सापडल्या तर पाणी ओतून द्यायचं आणि दाराशेजारच्या भिंतीवर गेरूने तारीख लिहायची. मी दिसलो की पोरं ओरडत, “मच्छरवाला आला, पिंप झाका.”

लसीकरणाच्या दिवशी आयांना समजावून सांगण्याची मला मोठी हौस. माझं एक ठरलेलं वाक्य होतं : लस म्हणजे शरीराला चोराचा फोटो दाखवून ठेवणं. पुढे खरा चोर आला की शरीर त्याला ओळखतं आणि दारातच धरतं. गोवराचं उदाहरण द्यायचो, आणि बायका माना डोलवायच्या. ते डोलवणं मला आवडायचं, हे कबूल करायला हवं.

२०१६च्या पावसाळ्यात सायवनजवळच्या एका पाड्यावर एका बाईला डेंग्यू झाला. वय पंचविशीचं. घरात ती आणि सासू, नवरा दूर चिकूच्या वाडीत कामाला. आठवड्यात ती बरी झाली. मी पिंप बघायला गेलो तेव्हा तिने विचारलं, “दादा, याची लस नाय का? पोरांना टोचता तशी?”

“आपल्याकडे नाही आली अजून. पण तुला आता गरजच नाही. लस फोटो दाखवते, तुला तर खुद्द चोरच भेटून गेला. आता परत नाही व्हायचा.”

सासू ओट्यावरून म्हणाली, “लिवून दे मग.”

ती थट्टा करत होती. मी मात्र खरंच तारखेपुढे गेरूने बरोबरची मोठी खूण काढली. अशा खुणेला आमच्या कुठल्याही फॉर्मात जागा नव्हती. पुढे दहाएक घरांवर मी ती काढली असेन.

२०१७ संपता संपता पेपरात बातमी आली, की परदेशात दिली जाणारी डेंग्यूची लस, ज्यांना आधी कधी डेंग्यू झालेला नाही त्यांना धोक्याची ठरू शकते. महिन्याच्या बैठकीनंतर मी आमच्या डॉक्टर मॅडमना विचारलं, “लसच घातक निघाली का?”

“सरसकट नाही. ज्याला आधी होऊन गेलाय त्याला ती मदत करते. ज्याला कधीच झाला नाही, त्याच्या शरीरात ती पहिल्या आजाराची जागा घेते. मग खरा डेंग्यू येतो तो शरीराच्या लेखी दुसरा असतो. आणि दुसरा जास्त वाईट असू शकतो.”

“पण दुसऱ्यांदा होत नाही ना?”

त्यांनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं. “किती वर्षं झाली तुमच्या नोकरीला? लसीकरणाला तुम्ही सांगता तो चोर एकटा नाही हो. डेंग्यूचे चार प्रकार, म्हणजे चार भाऊ आहेत, तोंडावळा सारखा. एक येऊन गेला की शरीर त्याला नीट ओळखतं. दुसरा आला की त्याला अर्धवट ओळखतं. हात धरतं, पण पकड बसत नाही. आणि तो त्या धरलेल्या हातानेच पेशीच्या आत शिरतो.”

दुसऱ्याच दिवशी मी त्या सगळ्या घरी जायला हवं होतं. गेलो नाही. आधी थंडीतलं सर्वेक्षण होतं, मग पोलिओ, मग उन्हाळा. खरं कारण वेगळं होतं. ज्या बायकांनी माना डोलवल्या, त्यांच्यासमोर ‘मी चुकलो’ म्हणायची मला लाज वाटत होती. पावसाळा लागल्यावर कुणाच्याही तापाची खबर आली की मी आधी पाडा कोणता ते विचारायचो. पाडा वेगळा आहे असं कळलं की सुटल्यासारखं वाटायचं, आणि मी पुन्हा गप्प बसायचो.

२०१८च्या सप्टेंबरात पिंपांच्या फेरीसाठी सायवनजवळच्या त्या पाड्यावर जावंच लागलं. त्या बाईच्या घरी उन्हाळ्यात दिराचं लग्न झालं होतं आणि भिंतीला चुना दिलेला होता. फक्त माझी तारीख आणि खूण यांच्याभोवती हातभर चौकोन सोडला होता.

सासू ओट्यावर तांदूळ निवडत होती. “सुनेला चार दिस ताप होता. काल उतरला.”

“दवाखान्यात नेलं नाही?”

“कशाला? दुसरा कायतरी ताप असंल. डेंगी तिला व्हायची नाय, तूच लिवलंयस.”

आत ती गुडघे पोटाशी घेऊन पडली होती. सकाळपासून तीन उलट्या. हात धरला तर बर्फासारखा. डेंग्यूत कधी कधी ताप उतरतो तेव्हाच रक्तातलं पाणी नसांतून पाझरायला लागतं, हे मला पाठ होतं. रस्त्यावर चिकूचा टेम्पो थांबवला आणि मोकळे क्रेट बाजूला सारून तिला निजवलं. वाटभर मी तिची नाडी धरून बसलो होतो. ती मध्येच हाताला लागेनाशी व्हायची. सासू एकदाच बोलली, “तू एवढा का घाबरलास?” मी पुन्हा नाडी चाचपू लागलो.

तालुक्याच्या रुग्णालयात डेंग्यूच निघाला, दोन दिवस सलाईन चालू राहिलं. मी रजा टाकून व्हरांड्यात बसलो. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी ती उठून बसली आणि भाताची पेज प्यायली.

पुढच्या आठवड्यात ओलं फडकं घेऊन तिच्या घरी गेलो. खूण पुसू लागलो तर गेरू पसरून आणखीच लाल झाला. दोघी ओट्यावरून बघत होत्या.

“मी चुकीचं सांगितलं होतं,” मी म्हणालो. “हा आजार परत होतो, जास्त वाईट होतो. आणि हे कळल्यावरही मी नऊ महिने आलो नाही.”

सासूने माझ्याकडे पाहिलं आणि मान फिरवली. सून अजून अशक्त होती, दाराला टेकून बसलेली. तिने विचारलं, “मग आता परत ताप आला तर?”

“पहिल्याच दिवशी दवाखान्यात. मी काहीही लिहून ठेवलं असलं तरी.”

“आनि तशी खूण अजून किती घरांवर हाय?”

“असतील दहाएक.”

“त्यांना सांगितलंस?”

“नाही.”

“मग इथं भिंत काय पुसत बसलायस, दादा,” ती म्हणाली. “जा.”

मी फडकं तिथेच पिंपावर टाकलं आणि निघालो.