अर्धा देखावा

कुणी बढाई मारली, की काका हातातला कटर पुठ्ठ्यावर टेकवून विचारत, "मगे?"

मुलाला कॅनडाचा व्हिसा मिळाला म्हणून कुणी पेढे आणले, तर म्हणाले, "मगे? थंडीत काय करतलो?" पेढा मात्र खाल्ला. तुमच्याही मंडळात असा एखादा असेलच. कांदिवलीतल्या आमच्या चाळीचा गणपतीचा देखावा गिरणी सुटल्यापासून काकाच करायचे.

त्या वर्षी सीमेवर पेटलं होतं. आपल्याकडेही भोंगे वाजवून सराव झाला होता. समितीने हलता देखावा ठरवला. आपलं क्षेपणास्त्र सुटणार, शत्रूचं शहर लाल दिव्यांत जळणार. कार्याध्यक्ष मीच. काकांना सांगितलं.

"मगे?"

"मग काय, खलास."

"तेंच्याकडे पण आसा मां तो बॉम्ब."

पोरं उसळली. एक म्हणाला, "काका, तिकडे सोयरीक आहे काय तुमची?" सगळे हसले. मीही. काका खाली मान घालून पुठ्ठा कापत राहिले.

प्रतिष्ठापनेच्या आदल्या संध्याकाळी चाचणी घेतली. क्षेपणास्त्र गेलं, शहर लाल झालं, शिट्ट्या वाजल्या. संपलं असं वाटलं, तोच दुसरी मोटर घरघरली. पलीकडून तसंच एक परत आलं आणि या बाजूचा काळा कपडा सरकला. खाली आमची चाळ होती. नळ, कठड्यावरचे कपडे, मांडवसुद्धा. सगळं लाल होत गेलं. एका पोराला दारातली आईची तुळस ओळखू आली. त्यानेच पहिली शिवी दिली. गद्दार, म्हातारा सटकलाय, हाकला याला.

काका माझ्याकडे बघत होते. माझ्या एका शब्दावर त्यांचं काम टिकणार होतं.

"झिला, अर्धाच दाखवलंस, तर पोरांका ताच खरा वाटतला."

मी दुसऱ्या मोटरची वायर ओढून काढली. पोरांनी पुठ्ठ्याची चाळ मांडवामागे नेऊन तुडवली.

लोकांना मी सांगत आलो, पोरांपुढे माझं काही चाललं नाही. खोटं आहे ते. कुणी माझा हात धरला नव्हता. ते शहर जळताना बघायला मला आवडत होतं. रोज आवडत होतं.

विसर्जनानंतर काका गावी गेले ते गेलेच. खोलीला कुलूप आहे. पण त्याआधी रोज ते गर्दीच्या पुढे येऊन उभे राहत. देखाव्याकडे पाठ करून. लाल उजेडात पोरांचे चेहरे बघत.

एकदा चेहरे बघता बघता त्यांची नजर माझ्यापाशी थांबली. मी टाळ्या वाजवत होतो. नजरानजर झाली, तरी वाजवतच राहिलो.