नवेगावचा करडा ठिपका

“नवेगाव बांध मेलंच हाये, जी.”

पलीकडच्या टेबलावरचे काका कप उचलता उचलता म्हणाले आणि चहा देणाऱ्या मावशींच्या हातातला ट्रे हलला.

“काय बोलता जी! माही बहीण हाये ना तिथं!”

“बहीण बरी हाये. कॉम्प्युटर मेला.”

त्यानंतर बरेच दिवस काकांच्या चहात साखर कमी पडत होती.

मी मॉनिटरमागे तोंड लपवून हसले. तो मेलेला कॉम्प्युटर माझ्याच स्क्रीनवर होता. २०११च्या आसपास मी गोंदियातल्या एका संस्थेत नोकरीला लागले होते. जिल्ह्यात तिची छोटी छोटी केंद्रं होती. प्रत्येक केंद्रात एक माणूस, एक कॉम्प्युटर, आणि लोकांचे अर्ज भरून देण्याचं काम. या सगळ्या कॉम्प्युटरांवर नजर ठेवायला साहेबांनी एक सॉफ्टवेअर आणलं. त्याची माहिती इंग्रजीत. “आप तो इंग्लिश मीडियम की हो ना?” म्हणत त्यांनी ते माझ्या गळ्यात घातलं. माझ्या शाळेचा ऑफिसला झालेला हा पहिलाच उपयोग. तोपर्यंत मी ‘एकोणसत्तर’ला अडखळले की काका नुसता कॅल्क्युलेटर पुढे सरकवायचे.

ते सॉफ्टवेअर मला आवडलं. साहेबांना वाटायचं, ते गावोगावी जाऊन डोकावून येतं. तसं काही नव्हतं. प्रत्येक कॉम्प्युटरवर एक छोटा प्रोग्रॅम बसवलेला होता. तो ठरावीक वेळाने इंटरनेटवरून आमच्या सर्व्हरला कळवायचा, ‘मी आहे.’ सर्व्हर शेवटची खबर कधी आली ती वेळ लिहून ठेवायचा. खबर वेळेवर येत राहिली की ठिपका हिरवा, फार दिवस आली नाही की करडा. कोण काम करतंय आणि कोण पेंगतंय, याच्याशी त्याला काही देणंघेणं नव्हतं.

पण साहेबांना हिरवा रंग फार प्रिय. चिचगडचा ठिपका सदा हिरवा, म्हणून तिथला माणूस त्यांच्या लेखी आदर्श. त्याला एकदा मी फोनवर काही विचारायला गेले, तर तो म्हणाला, “कॉम्प्युटर बंदच करत नाही मॅडम. पुन्हा चालू नाही झाला त? वरून कापड झाकून ठेवतो.” कापडाखाली तो कॉम्प्युटर दिवसरात्र इमानदारीने ‘मी आहे, मी आहे’ कळवत होता. हे मी कोणालाच सांगितलं नाही. मला कोणी विचारलंही नव्हतं.

नवेगाव मात्र करडंच. साहेबांनी फोन केला, तर तिथल्या ताई म्हणाल्या, चालू आहे. “सब यही बोलते हैं,” साहेब म्हणाले आणि त्यांनी ठरवून टाकलं: ते मशीन उचलून देवरीला लावायचं. मशीन गेलं म्हणजे केंद्र गेलं, आणि ताईंची नोकरीही. सामान बांधून ठेवायला सांगून या, म्हणून मला बसमध्ये बसवण्यात आलं.

कोहमाऱ्याला बस बदलून मी पोचले तेव्हा केंद्रात चारपाच बाया बसल्या होत्या आणि ताई धडाधड टाइप करत होत्या. साडीचा पदर खोचलेला, मान वर न करता त्या म्हणाल्या, “बसा, नंबर येईल.”

मी ऑफिसातून आले, हे सांगायला मला जरा वेळ लागला.

“काऊन आल्या जी एवढ्या लांब?”

“तुमचा कॉम्प्युटर... तिकडे बंद दिसतो.”

“बंद?” त्यांनी माझा हात धरला आणि सरळ कॉम्प्युटरच्या डब्यावर ठेवला. “पाहा कसा तापून राहिला! याच्यावर पापड भाजन मी!”

बाया हसल्या. मीही हसले, आणि मग भीतभीतच विचारलं, “आणि नेट?”

“नेट इथं कुठं येते? तलावाच्या पाळीवर, वर बांधावर येते. आता हा डबा डोक्यावर घेऊन पाळीवर जाऊ का?”

मग काम गोंदियाला जातं कसं? तर पेनड्राइव्हने. रोज तलावावरून मासोळीचा टेम्पो गोंदियाला जायचा. ताई दिवसभराचे अर्ज पेनड्राइव्हवर घेत, तो प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळत आणि ड्रायव्हरकडे देत. ड्रायव्हर तो आमच्या काकांना पोचवी. काकांच्या टेबलाशी येणारा वास मी इतके महिने त्यांच्या डब्याचा समजत होते.

काका ते अर्ज आपल्या मशीनवरून पुढे पाठवत. नवेगाव मेलं म्हणणारेही तेच आणि नवेगावचं काम रोज उघडणारेही तेच. या दोन गोष्टींची त्यांच्या डोक्यात कधी गाठच पडली नव्हती. परत येऊन मी त्यांना विचारलं, तर म्हणाले, “काम येऊन राहिलं ना बरोबर? मंग मी कायले सांगू कोणाले?”

सामान बांधायचं मी ताईंना सांगितलं नव्हतं. पाणी पिऊन, निरोप गिळून परत आले होते.

सोमवारी बैठक होती. बैठकीत मी पाणी मागायलाही तोंड उघडत नसे. साहेबांनी स्क्रीन भिंतीवर लावली आणि करड्या ठिपक्यावर पेन टेकवलं. “ये देखो. डेड. कल गाडी भेजके उठवा लो.” काका खिडकीबाहेर बघत होते. त्यांच्या डोक्यात आता ती गाठ पडली होती, पण ते बोलतील असं दिसेना. साहेबांनी पुढचं गाव काढलं.

मी मनात इंग्रजीत वाक्य जुळवलं, ते फार सभ्य वाटलं. मराठीत जुळवलं, ते शाळेच्या निबंधासारखं झालं. तोवर मी उभी राहिलेच होते आणि सगळे माझ्याकडे बघत होते.

“सर, नवेगावचं मशीन चालू आहे, मी बघून आलेय,” मी म्हणाले. “तिथे नेट नाही, म्हणून आपल्याला ते दिसत नाही. त्या ताईंचं काम रोज पेनड्राइव्हवर येतं, काकांच्या मशीनवरून पुढे जातं. उद्या गाडी पाठवायचीच असेल, तर रिकामी पाठवू नका. तिच्यात तलावाच्या पाळीवरचं नेट केंद्रात ओढेल अशी एक उंच अँटेना पाठवा.”